नाताळच्या संध्याकाळी दहा मिनिटांत रिकामं होणारं चर्च

पत्र थोडक्यात: नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडात लहानाची मोठी झालेली एक वाचक. गेली दोन वर्षं नवरा आणि सात वर्षांच्या मुलीबरोबर जर्मनीत राहते, साक्सनीतल्या एका छोट्या शहरात, लाइपझिगहून ट्रेनने तासाभरावर. तिथल्या लुथरन चर्चला ते दर रविवारी जातात. गेल्या वर्षी २४ डिसेंबरला संध्याकाळी चारच्या उपासनेला ती करंज्यांचा मोठा डबा घेऊन गेली, गावाकडे नाताळात वाटतात तसा सगळ्यांना फराळ वाटू म्हणून. उपासना झाली, लोकांनी हात मिळवले, शुभेच्छा दिल्या आणि दहा मिनिटांत चर्च रिकामं, डबा तसाच भरलेला घरी आला. ३१ तारखेला वॉच नाईट, म्हणजे नवं वर्ष लागेपर्यंत चर्चमध्ये जागून केलेली उपासना, नव्हती, पाच वाजता एक छोटी उपासना आणि नंतर नुसते फटाके. नवरा म्हणतो, दर महिन्याला पगारातून चर्च टॅक्स कापला जातो आणि वर्षभरात कोणी चहाला बोलावलं नाही. जूनमध्ये तिचे वडील वारले, ती अंत्यविधीला पोचू शकली नाही. आई फोनवर विचारते, यंदा नाताळ कुठे करणार. मुलीला येशूजन्माच्या नाटकात मेंढरू व्हायला बोलावलंय, त्याची दर शनिवारी तालीम. तिचा प्रश्न असा की इथेच जात राहायचं की लाइपझिगच्या एखाद्या इंग्रजी मंडळीत, म्हणजे इंग्रजी चर्चमध्ये, जायचं, जिथे निदान चार भारतीय चेहरे दिसतील.

ताई, सलाम.

आधी डब्याबद्दल बोलते, कारण बाकी सगळं तुम्ही दोन-दोन ओळीत उरकलंय आणि डब्याबद्दल मात्र जवळजवळ पानभर लिहिलंय, तो कुठल्या रुमालात बांधला होता, सारणात ओलं खोबरं मिळालं नाही म्हणून सुकं घातलं, आणि परत येताना मुलीने विचारलं की आई, यांना गोड आवडत नाही का. मला वाटतं तुमचं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आलंय.

तर त्यांना गोड खूप आवडतं, डिसेंबरभर घरोघरी बिस्किटांचे डबेच्या डबे भाजले जातात. पण २४ डिसेंबरची संध्याकाळ ही जर्मनीत घराची वेळ आहे. चर्चमधून घरी जायचं, झाडाखालच्या भेटवस्तू उघडायच्या, बऱ्याच घरांत बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असं साधं जेवण, आणि मुलं दुपारपासून या एका क्षणासाठी अगदी ताटकळलेली असतात. आपल्याकडे २५ ला सकाळी उपासना झाल्यावर लोक चर्चच्या आवारात तासन् तास रेंगाळतात, नवे कपडे, फोटो, मग प्रीतिभोजनाच्या पंगती, म्हणजे चर्च हेच त्या दिवसाचं घर असतं. तिकडे चर्चमधून घरी जायचं असतं. तुम्ही डबा उघडलात तेव्हा समोरच्या प्रत्येक आईच्या डोक्यात ओव्हन आणि गाडीत बसलेली पोरं होती. करंजी नाकारली असं तुम्ही धरून चाललाय, माझ्या मते ती कोणी धड पाहिलीसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, मग एकत्र यायचं कधी? इथेच मला तुमच्या पत्रातलं एक गृहीत जरा तपासावंसं वाटतं. तुम्ही सगळा नाताळ २४-२५ वर तोललाय, आणि त्या दोन दिवसांत तुम्ही एकट्या पडलात म्हणून मंडळी थंड आहे असा निकाल दिलाय. लुथरन वर्षाची घडीच वेगळी आहे हो. त्यांचं नवं वर्ष ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं, तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो, आणि तो धरून चार रविवार वाट बघण्याचे, वेदीवरचं कापड जांभळं, म्हणजे उपासाच्या काळाचा रंग. अठराव्या शतकातला संगीतकार बाख, त्याच्या वेळी लाइपझिगमध्ये तर पहिला रविवार झाला की नाताळपर्यंत चर्चमधलं वाद्यवृंदाचं मोठं संगीत बंदच असायचं. आणि मग त्याच बाखने १७३४ च्या नाताळसाठी जे ऑरेटोरिओ, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना, लिहिलं त्याचे भाग सहा, २५, २६, २७ डिसेंबर, १ जानेवारी, त्यानंतरचा रविवार आणि ६ जानेवारी, प्रत्येक दिवसाचा वेगळा. म्हणजे आधी लांबलचक शांतता आणि मग लांबलचक आनंद. आपली वारी कशी, आषाढीच्या एका दिवशी पंढरपुरात पोचलेल्या माणसाला गर्दी दिसते पण वारी दिसत नाही, ती आधीच्या वाटेवर झालेली असते. तुमची मंडळीही वाटेवर भेटते. तुम्ही नेमक्या एकादशीला डबा घेऊन गेलात.

तुमचं पत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलं हे बरं झालं, कारण मी जे सांगणार आहे त्यातलं पहिलं याच महिन्यात आहे.

ॲडव्हेंटच्या आधीचा रविवार, म्हणजे चर्चच्या वर्षाचा शेवटचा, हा गेलेल्यांचा रविवार असतो. प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये तो पाळायला लावला आणि मग तो सगळीकडे पसरला. त्या दिवशी वर्षभरात मंडळीतले जे जे वारले त्यांची नावं एकेक करून वाचतात, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावतात, घरचे लोक पुढे बसलेले असतात. बहुतेक ठिकाणी नाताळचा बाजारही या रविवारनंतरच सुरू होतो, आधी मेलेल्यांची आठवण आणि मग दिवे. ताई, तुमच्या वडिलांचं नाव तिथे वाचलं जाऊ शकतं. ते त्या मंडळीचे सभासद नव्हते पण तुम्ही आहात, आणि परदेशात वारलेल्या आईवडिलांचं नाव घ्या असं कोणी सांगितलं तर पाळक सहसा नाही म्हणत नाहीत. या आठवड्यात पाळकांना चार ओळींचा ईमेल करा, नाव रोमन लिपीत लिहा, आणि नाव उच्चारून एक व्हॉइस मेसेज पाठवा, कारण मराठी आडनाव पहिल्यांदा वाचताना कोणाचीही जीभ अडखळते आणि त्या क्षणी ते तुम्हाला लागेल. उपासना झाली की लोक तुमच्यापाशी येतील, कारण त्या दिवशी तिथे ज्यांची नावं वाचली गेली ते सगळे एकमेकांना ओळखीचे होतात. अंत्यविधीला न पोचल्याचं जे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, ते मला त्या डब्यापेक्षा मोठं वाटतं. यंदाचा नाताळ इतका रिकामा वाटायची भीती तुम्हाला आत्तापासून का वाटतेय याचं थोडं उत्तर तिथे आहे. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ, तो नगरला असतात तरी जडच गेला असता.

या गेलेल्यांच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी तुमच्याकडे सुट्टी असेल, पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस. १९९५ पासून ही सरकारी सुट्टी जर्मनीत फक्त साक्सनीत उरलीय. त्या दिवशी नवरा घरी असेल, तेव्हा दोघं बसून हे सगळं नीट बोला, डिसेंबरच्या धावपळीत बोलणं होणार नाही.

आता डब्याचं. तुमच्या भागात बऱ्याच मंडळ्यांत आणि गावांत ॲडव्हेंटचं जिवंत कॅलेंडर असतं, तुमच्याकडे आहे का हे चर्चच्या ऑफिसात विचारा. १ ते २४ डिसेंबर रोज संध्याकाळी एका घराची खिडकी सजवतात, ठरलेल्या वेळेला, बहुतेक सहाच्या सुमारास, शेजारीपाजारी आणि मंडळीतले लोक त्या खिडकीखाली जमतात, एक-दोन गाणी, एखादी छोटी गोष्ट, काहीतरी गरम प्यायला, अर्ध्या तासात सगळे आपापल्या घरी. कोणी घरात येत नाही, सगळं दारात उभ्या उभ्या, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की आपापला कप घेऊन या. जर्मन माणसाला घरात बोलावणं आणि बोलावून घेणं दोन्ही जरा अवघड जातं, दारातलं सोपं जातं, म्हणून ही रीत इतकी चालते. यादी लवकर भरते तेव्हा एक तारीख आत्ताच मागून घ्या. खिडकीत कामट्या आणि पतंगाच्या कागदाची आपली चांदणी लावा, त्यांना तिचं अप्रूप वाटेल, कारण त्यांच्याकडेही साक्सनीतल्या हर्नहूट गावाची कागदी चांदणी पोर्चमध्ये टांगलेली असते, १९ व्या शतकात तिकडच्या एका शाळेत मुलांना भूमिती शिकवताना ती पहिल्यांदा बनली. मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा करा, करंज्या तेव्हा काढा. एक गीत मराठीत म्हणा, मुलगी आणि तुम्ही दोघीच म्हटलंत तरी चालेल, मोबाईलवर पेटी वाजवायचीही गरज नाही. आणि करंजीत काय काय आहे हे एका कागदावर लिहून ठेवा, सुकामेव्याची ॲलर्जी असलेलं कोणी ना कोणी असतंच आणि ते विचारायला लाजतात.

मेंढराचं म्हणाल तर त्यात विचार करण्यासारखं काही नाही, तिला होऊ द्या. शनिवारची तालीम म्हणजे सात-आठ आयाबाप थर्मास घेऊन थंडीत उभे, कोणाच्या पोराला पंख शिवायचे राहिलेत, कोणाच्या मेंढपाळाला ताप आलाय. तुम्हाला शिवण येत असेल तर पंख मागून घ्या. तिथल्या मंडळीत ओळख बोलून कमी आणि कामातून जास्त होते, चर्चमधल्या कॉफीचे कप विसळताना, ब्रास बँडच्या खुर्च्या मांडताना. तुम्ही दोन वर्षं रविवारी येता, बसता, गाता, जाता. तुम्हाला काय येतं हे त्यांना माहीतच नाही, आणि नव्या माणसाला काम सांगणं त्यांच्यात आगाऊपणा समजतात. तुम्ही मागितलंत तर लगेच देतील.

आणखी एक गोष्ट विचारते, राग मानू नका. नगरच्या ज्या नाताळची तुम्हाला आठवण येते, कॅरलवाल्यांची टोळी रात्री दोनला दारात, ढोलकी, आईचा चहा, त्या कंपाउंडात बाहेरून बदली होऊन आलेली कुटुंबं होती ना? एखादी ओडिया नर्स, दक्षिणेकडचा एखादा बँकेतला माणूस? नाताळच्या रात्री ती माणसं कोणाकडे जेवायची, तुम्हाला आठवतं का? कोणीतरी बोलावत असेल, कदाचित तुमच्याच आईने बोलावलं असेल. पण तिथे तुम्ही घरच्या होता, म्हणून बाहेरच्याला ती ऊब बाहेरून कशी दिसते हे तुम्हाला कधी बघायला लागलं नाही. तुमच्या आईला फोनवर विचारून बघा, तिच्याकडे याची उत्तरं असतील आणि तिला नाताळ कुठे करणार यापेक्षा वेगळा विषयही मिळेल.

समोरच्या बाकावर बसणाऱ्या सत्तरीच्या बायकांकडेही जरा वेगळ्या नजरेने बघा. तो पूर्व जर्मनीचा भाग आहे. चाळीस वर्षं तिथल्या सरकारने चर्चला बाजूला सारलं, चर्चमधल्या दृढीकरणाला, म्हणजे किशोरवयीन मुलांनी आपला विश्वास जाहीर करायच्या विधीला, पर्याय म्हणून पन्नासच्या दशकात सरकारी समारंभ सुरू केला, चर्चला धरून राहिलेल्या कित्येक मुलांना बारावी आणि युनिव्हर्सिटीची दारं बंद झाली. आज तिथे बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे नाहीत. जी मूठभर माणसं अजून बाकावर दिसतात त्यांनी यासाठी तरुणपणी किंमत मोजलेली असू शकते, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं कोणासमोर काय बोलायचं हे मोजून मापून ठरवलं ती माणसं पटकन गळ्यात पडत नाहीत. ॲडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला यातल्या एकीला कॉफीला बोलावा, दोन आठवडे आधी, चिठ्ठी लिहून. आणि तिला विचारा की तिच्या लहानपणी नाताळ कसा असायचा. मला वाटतं सहा वाजले तरी ती जायला उठणार नाही.

हे सगळं करूनही कोणी तुसडेपणाने वागलं, रंगावरून किंवा भाषेवरून काही बोललं, तर ते समजून घेत बसू नका, पाळकांना स्पष्ट सांगा. पण तुमच्या पत्रात तसं काही नाही.

नवऱ्याच्या टॅक्सच्या तक्रारीबद्दल. साक्सनीत इन्कम टॅक्सच्या ९ टक्के चर्च टॅक्स आहे, रक्कम लहान नाही, त्याचं वाईट वाटणं मी समजू शकते. त्या पैशातून चहाचं आमंत्रण येणार नाही हे खरं, पण त्याने तुम्ही पाहुणे उरत नाही हेही तितकंच खरं. तुम्हाला मंडळीच्या समितीच्या निवडणुकीत मत आहे, पाळकांना घरी भेटायला या म्हणायचा हक्क आहे, ३१ च्या रात्री चर्च उघडं ठेवता येईल का असं विचारायचाही. नवऱ्याला म्हणावं, वर्षभर वाट बघितली ना, आता एकदा विचारून बघ.

३१ डिसेंबरचंच घेते, कारण वॉच नाईट नाही हे वाचून मला खरंच गंमत वाटली. आपल्या मराठी चर्चमध्ये जी वॉच नाईट मिशनऱ्यांनी आणली तिचं मूळ शोधत गेलात तर ते तुमच्याच राज्यात सापडतं, साक्सनीच्या पूर्व टोकाला, चेक आणि पोलंडच्या सीमेजवळच्या हर्नहूट गावात. तिथल्या मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७३३ मध्ये वर्षअखेरची रात्र जागवली, त्यांच्याकडून ती इंग्लंडच्या मेथडिस्ट पंथाने उचलली आणि मग जगभर गेली. मोराव्हियन मंडळ्यांत अशी जुनी प्रथा आहे की बाराचा ठोका पडला की पाळकांचं बोलणं अर्ध्यावर तोडून ब्रास बँड वाजायला लागतो. हे गाव आता जागतिक वारशाच्या यादीत आहे, २०२४ पासून. कधीतरी मुलीला घेऊन जाऊन या, पण यंदाच्या ३१ साठी माझा सल्ला सोपा आहे. पाचच्या उपासनेला जा, तिथे बहुतेक प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, असतं, घेऊन या. जर्मनीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे नगरला बारा वाजतील तेव्हा तुमच्याकडे साडेसात. साडेसहाला व्हिडिओ कॉल लावून भावाला किंवा संडे स्कूलच्या एखाद्या पोराला फोन पुलपिटसमोरच्या बाकावर ठेवायला सांगा, पूर्ण वॉच नाईट बघा, आईबरोबर नवं वर्ष करा. मग रात्री बाराला शहरातल्या सगळ्या घंटा वाजतील तेव्हा खाली उतरा, शेजाऱ्यांच्या हातात फुलबाज्या असतील, त्यांना शुभेच्छा द्या. आणि आपल्याकडे नव्या वर्षाचं वचन काढतात तसं त्यांच्याकडेही वर्षाचं एक वचन असतं, काही वर्षं आधीच ठरवलेलं, कार्डांवर छापून घराघरात लावलेलं. ते कार्ड मागून आणा, शास्त्रातली ओवी मराठीत शोधून आईला पाठवा, तिकडे आणि इकडे वर्षभर एकच वचन.

राहिली २४ ची संध्याकाळ. ती रिकामी जाणार असं धरूनच बेत करा. कित्येक शहरांत मंडळीच्या हॉलमध्ये एकट्या लोकांसाठी त्या संध्याकाळी जेवण ठेवतात, तिथे वाढायला हात हवे असतात. ते नसेल तर घरी कोणाला तरी बोलवा, मार्केट दुपारी दोनपर्यंत बंद होतं आणि पुढचे दोन दिवस उघडत नाही म्हणून सामान आधीच भरा. बोलवायला माणसं असतात, सुट्टीत हॉस्टेलवर अडकलेली भारतीय पोरं, वरच्या मजल्यावरची एकटी आजी, युक्रेनहून आलेलं कुटुंब. चार मेणबत्त्यांचं जे ॲडव्हेंटचं चक्र आज कित्येक जर्मन घरांत असतं ते १८३९ मध्ये हॅम्बर्गच्या एका आश्रमात सुरू झालं, योहान हिनरिश विखर्न नावाच्या धर्मशास्त्रज्ञाने अनाथ आणि गरीब मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण ती मुलं रोज विचारायची नाताळ कधी येणार. ज्यांना घर नव्हतं त्यांच्यासाठीच ते बनलं होतं, तेव्हा तुमच्या टेबलावर ते लावून अशा चार माणसांना जेवायला बसवणं म्हणजे तिथल्या परंपरेला अगदी धरून आहे.

ज्या वाचक चर्चच्या नाहीत पण जर्मनीत राहतात आणि मुलांच्या किंडरगार्टनमधून अशी आमंत्रणं आली की गोंधळतात, त्यांच्यासाठीही सांगते. उपासना, नाटक, खिडकीखालचं गाणं, सगळं कोणालाही खुलं असतं, त्यासाठी सभासद व्हावं लागत नाही आणि कोणी तुमचा धर्म विचारत नाही. फक्त प्रभुभोजनाच्या वेळी बाकावर बसून राहा, ते चालतं.

लाइपझिगचं राहिलं. जा की, त्यात वाईट काय आहे? स्वतःच्या लोकांत महिन्यातून एकदा बसणं, मोठ्याने हसणं, जेवून येणं ही गरज आहे आणि तिची लाज वाटायला नको. पण इथलं सोडून तिथलं असा निकाल आत्ता डिसेंबरच्या तोंडावर, वडील गेलेल्या वर्षात, घेऊ नका. २ फेब्रुवारीपर्यंत थांबा, तुमच्या बाजूला कित्येक घरांत आणि चर्चमध्ये नाताळची चांदणी तोवर लटकलेली असते, त्यांचा नाताळकाळ तेव्हा आवरतो. तोपर्यंत बाबांचं नाव वाचून झालं असेल, खिडकी झाली असेल, मेंढरू झालं असेल. तेव्हा तुम्ही दोघं आणि मुलगी, तिघांनी मिळून ठरवा, आणि तिचं मत अगदी शेवटी नका विचारू, तालमीतल्या मैत्रिणी तिच्या असणार आहेत.